धुळीचं वादळ आणि दम्याचा माणूस: गल्फमधल्या घरात आधी, त्या दिवशी आणि नंतर काय करायचं

गल्फमध्ये राहताय आणि घरात कुणाला दमा आहे, सीओपीडी (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होणारा फुफ्फुसांचा जुनाट आजार) आहे किंवा लेकराची छाती सारखी भरते, तर मार्च-एप्रिल आला की पोटात गोळा येतोच. बाहेर आभाळ केशरी झालं की सगळे एकमेकांना फोन करून विचारतात, आता काय करायचं, मास्क कुठला लावायचा, पंप किती वेळा मारायचा. मला वाटतं हा प्रश्न आपण फार उशिरा विचारतो. प्रत्यक्ष धुळीच्या दिवशी करायच्या गोष्टी मोजक्याच असतात, बरंचसं काम त्याच्या महिनाभर आधीचं असतं आणि उरलेलं धूळ बसल्यावरच्या तीन-चार दिवसांतलं, आणि नेमकी हीच दोन टोकं आपल्या हातून सुटतात. मी कुवेतला सालमियात राहते, मुलाला दमा आहे, सासऱ्यांना सीओपीडी आहे आणि ते उन्हाळ्यात आमच्याकडे येतात, त्यामुळे हे सगळं आमच्या घरात नेहमीचंच आहे. मी डॉक्टर नाही, औषधाचा डोस तुमच्या डॉक्टरांनी लिहून दिलाय तोच खरा, पण घर कसं सांभाळायचं, वस्तू कुठल्या लागतात आणि कधी पळायचं हे मात्र मी नीट सांगू शकते.

ही धूळ येते कुठून आणि छातीत काय करते

जगभरात दरवर्षी साधारण २०० कोटी टन वाळू-धूळ हवेत चढते असा जागतिक हवामान संघटनेचा अंदाज आहे आणि त्यातली ८० टक्क्यांहून जास्त उत्तर आफ्रिका आणि मध्यपूर्वेतल्या वाळवंटांतून येते. आपल्याकडे गल्फमध्ये मुख्य कारण म्हणजे शमाल वारा, वायव्येकडून येतो, सिरिया-इराकच्या कोरड्या पडलेल्या मैदानांवरून, तैग्रिस-युफ्रेटिसच्या खोऱ्यातून माती उचलतो आणि कुवेत, सौदीचा पूर्व भाग, बहारीन, कतार, अमिरातीपर्यंत आणून टाकतो, आणि जून-जुलैमध्ये तो कधीकधी सलग काही दिवस वाहत राहतो. याशिवाय कुवेतमध्ये वसंतात सरायात म्हणतात ती अचानक येणारी गडगडाटी वादळं असतात, त्यातून खाली कोसळणाऱ्या वाऱ्याने धुळीची भिंतच्या भिंत उभी राहते आणि दहा-पंधरा मिनिटांत दिवसाची रात्र होते. शमालची चाहूल आदल्या दिवशी लागते, सरायातची लागेलच असं नाही, म्हणून मार्च ते मे या काळात रिलीव्हर पंप, म्हणजे लगेच आराम देणारा निळा पंप, कायम सोबत हवा, अगदी खाली बकाल्यात (किराणा दुकानात) दूध आणायला जाताना सुद्धा.

आता छातीचं. डोळ्यात, दातात कचकचते ती जाड वाळू, ती त्रासदायक असते पण बरीचशी नाका-घशातच अडकते. खरा घोटाळा करते ती बारीक धूळ, पीएम १० म्हणजे १० मायक्रॉनपेक्षा बारीक कण आणि पीएम २.५ म्हणजे त्याहून बारीक, हे श्वासनळ्यांच्या आतल्या फांद्यांपर्यंत पोचतात. नळ्यांचं अस्तर चिडतं, सुजतं, भोवतीचे स्नायू आवळतात, कफ वाढतो, आणि ज्याच्या नळ्या आधीच सुजलेल्या आहेत त्याला मग श्वास बाहेर सोडणंच जड जातं, छातीत शिट्टी वाजल्यासारखा आवाज येतो. शिवाय ही धूळ म्हणजे नुसता दगडाचा चुरा नसतो, तिच्यासोबत बुरशीचे बीजाणू, परागकण, जिवाणूंचे अवशेष, वाटेतल्या शहरांचा आणि तेलक्षेत्रांचा धूर असं बरंच काही येतं, आणि या सगळ्याने ॲलर्जी भडकते.

त्रास किती होऊ शकतो हे इराकमध्ये दिसलं. ५ मे २०२२ च्या वादळात तिथे एक माणूस दगावला आणि पाच हजारांहून जास्त लोक श्वासाच्या त्रासाने हॉस्पिटलात गेले, १६ मे ला पुन्हा तेच, त्या दिवशी कुवेतचं विमानतळही काही वेळ बंद ठेवावं लागलं होतं. एप्रिल २०२५ मध्ये दक्षिण इराकात बसरा-नजफ भागात तीन हजारांवर लोकांना गुदमरल्यामुळे उपचार घ्यावे लागले. कुवेतमधल्या १९९६ ते २००० या पाच वर्षांच्या हॉस्पिटलच्या नोंदींचा एक अभ्यास आहे, त्यात साधारण एक तृतीयांश दिवशी पीएम १० हे दर घनमीटर हवेत २०० मायक्रोग्रॅमच्या वर होतं आणि अशा दिवशी दम्यामुळे ॲडमिट होणाऱ्यांचं प्रमाण वाढलेलं दिसलं, मुलांमध्ये जास्त. जागतिक आरोग्य संघटना दिवसाच्या सरासरीची मर्यादा ४५ सांगते, यावरून काय ते समजून घ्या.

आधीचं काम: पंप, स्पेसर, कागद

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधी सांगते. रोजचा पंप, म्हणजे स्टिरॉइडवाला कंट्रोलर, जो बरं वाटत असतानाही घ्यायचा असतो, तो बंद करू नका. आपल्या लोकांत "पंपाची सवय लागते" ही भीती इतकी खोल बसलेली आहे की हिवाळ्यात जरा बरं वाटलं की आई-वडील आधी तोच पंप थांबवतात, निळा पंप तेवढा ठेवतात कारण त्याने लगेच मोकळं वाटतं, आणि मग एप्रिलमध्ये पहिलं वादळ आलं की नळ्या उघड्याबोडक्या असतात. निळा पंप आवळलेले स्नायू सैल करतो, सूज कमी करत नाही. सूज कमी ठेवण्याचं काम कंट्रोलरचं, आणि तो नीट चढायला काही दिवस ते आठवडे लागतात, वादळ आल्यावर सुरू करून लगेच उपयोग होत नाही. दम्याला नुसत्या निळ्या पंपावर राहू नये असं जागतिक दमा मार्गदर्शक सूचनांमध्येही २०१९ पासून स्पष्ट लिहिलंय. सवय लागत नाही हो, चष्मा लावला म्हणून डोळ्यांना चष्म्याची सवय लागली असं आपण म्हणत नाही ना, तसंच आहे हे.

म्हणून फेब्रुवारीतच डॉक्टरकडे एक चक्कर मारा आणि त्यांच्याकडून एका कागदावर लिहून घ्या: रोज काय घ्यायचं, खोकला-घरघर वाढली तर काय वाढवायचं, आणि कुठल्या लक्षणाला थेट हॉस्पिटल गाठायचं. तोंडी नको, कागदच हवा, कारण रात्री दोनला लेकरू धापा टाकत असताना काहीही आठवत नाही. तो कागद फ्रिजवर लावा, एक फोटो नवऱ्याच्या किंवा बायकोच्या फोनमध्ये, एक शाळेच्या नर्सकडे. फ्लूची लस राहिली असेल तर ती घेऊन टाका, सीओपीडीवाल्यांनी न्यूमोनियाच्या लशीबद्दलही विचारा.

घरात पीक फ्लो मीटर ठेवा. प्लास्टिकची नळी असते, जोरात फुंकायचं आणि काटा कुठे गेला ते लिहायचं, महाग नसतं. बरं असताना दोन-तीन आठवडे सकाळ-संध्याकाळ फुंकून सगळ्यात चांगला आकडा काढून ठेवा. नंतर त्याच्या ८० टक्क्यांच्या वर आहे तोवर ठीक, ५० ते ८० च्या मध्ये आला तर कागदावरची दुसरी पायरी, ५० च्या खाली आला तर वाट बघायची नाही. याचा मोठा फायदा म्हणजे माणसाला स्वतःला त्रास जाणवायच्या आधी आकडा खाली येतो, आणि लहान मुलं तर खेळायचं बंद होईल म्हणून सांगतच नाहीत की छाती भरलीय.

स्पेसर, म्हणजे पंपाच्या तोंडाला लावायची प्लास्टिकची पोकळ नळी, नसेल तर घ्या, मोठ्यांनीही. पंप थेट तोंडात मारला की बरंचसं औषध जिभेवर आणि घशात बसतं. स्पेसरची रीत अशी: पंप हलवायचा, झाकण काढून तोंडाच्या जागी आत धूळ-कचरा नाही ना ते बघायचं (बॅगेत झाकण निघालेला पंप असेल तर यात वाळू खरंच सापडते), स्पेसरला लावायचा, सरळ बसायचं, एक फवारा मारायचा आणि हळू, खोल श्वास घ्यायचा, जमलं तर दहा सेकंद रोखायचा, नाहीतर चार-पाच साधे श्वास स्पेसरमधूनच घ्यायचे. काही स्पेसरमध्ये शिट्टी असते, ती वाजली म्हणजे श्वास फार जोरात ओढला जातोय. दोन फवारे एकदम मारू नका, एक-एक करून. स्टिरॉइडचा पंप असेल तर नंतर चूळ भरून थुंकून टाका, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी धरते. स्पेसर कोमट पाण्यात थोडं भांड्याचं लिक्विड घालून धुवायचा आणि तसाच वाळू द्यायचा, फडक्याने पुसलं की स्थिर वीज तयार होऊन औषध आत चिकटतं.

इथे एक खास गल्फची गोष्ट: पंप गाडीत ठेवू नका. डब्यावरच लिहिलेलं असतं की ५० अंशांच्या वर तापू देऊ नका, आणि मे महिन्यात बंद गाडीचा डॅशबोर्ड त्याच्याही वर सहज जातो. डबा फुटूही शकतो, आणि नाही फुटला तरी औषधाचा भरवसा राहत नाही. काही दिवस न वापरलेला पंप असेल तर पत्रकात लिहिलंय तेवढे फवारे आधी हवेत मारून बघा. पंप संपत आलाय का ते काउंटरवर बघायचं, पाण्यात टाकून तरंगतो का ते बघायची जुनी पद्धत भरवशाची नाही.

गावाहून येणारे आई-बाबा

आपल्याकडचे म्हातारे लोक व्हिजिट व्हिसावर नेमके एप्रिल-मेमध्ये येतात, नातवंडांना बघायला, आणि त्यांच्यातल्या कित्येकांची छाती चुलीच्या धुराने किंवा विडीने आधीच पोखरलेली असते, फक्त कुणी तपासलेली नसते, "वयानुसार धाप लागते" म्हणून सोडून दिलेलं असतं. रत्नागिरी-रायगडकडून तर पिढ्यान्पिढ्या लोक इकडे येतायत, तिथल्या घरात हे हमखास बघायला मिळेल. तिकीट काढायच्या आधी तिकडेच एकदा स्पायरोमेट्री (मशीनमध्ये फुंकून फुफ्फुसांची ताकद बघायची तपासणी) करून घ्या, तालुक्याला नसेल तर जिल्ह्याच्या गावी होते. औषधं पूर्ण मुक्कामाची आणा, चिठ्ठी आणि मूळ खोक्यासकट, पंप हँडबॅगेत, चेक-इन बॅगेत नाही.

इकडे नावं वेगळी असतात म्हणून लोक गोंधळतात. अस्थालिन म्हणजे इथलं व्हेंटोलिन, दोन्हीत साल्ब्युटामॉल. फोराकॉर्टमध्ये ब्युडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल असतं, इथे तेच सिम्बिकॉर्टमध्ये मिळतं. पण ताकद वेगळी असू शकते, म्हणून रिकामं खोकं फार्मसिस्टला दाखवूनच घ्या. रोटाकॅप्सवाली (कॅप्सूलमधली पावडर मशीनने ओढणारी) मंडळी असतील तर त्यांच्यासाठी एक साधा पंप आणि स्पेसरही जवळ ठेवा, कारण ती पावडर स्वतःच्या श्वासाच्या जोराने ओढावी लागते आणि जोराची धाप लागलेली असताना तेवढा जोर उरत नाही. आणि कोडीनवालं खोकल्याचं सिरप गल्फमध्ये आणू नका, अमिरातीत ते नियंत्रित औषधांत येतं, परवानगीशिवाय बॅगेत सापडलं तर मोठ्या भानगडीत पडाल. तसंही धाप लागणाऱ्या माणसाला ते द्यायची गोष्टच नाही.

घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर किंवा झोपेत लावायचं सीपॅप मशीन असेल तर त्याच्या मागच्या बाजूचा फिल्टर रोज बघा, धुळीच्या दिवसांत तो भराभर चोंदतो. एक जादा फिल्टर आणून ठेवा.

धूळ येणार हे कसं कळायचं

देशाच्या हवामान खात्याचा इशारा बघाच, पण त्याशिवाय बार्सिलोनाच्या डस्ट सेंटरचे नकाशे असतात, युरोपच्या कोपर्निकसचे असतात, विंडी ॲपवर धुळीचा वेगळा थर लावता येतो, दोन-तीन दिवस आधीचं चित्र कळतं. हवेचा आकडा बघताना एक काळजी घ्या, बरीच ॲप नुसतं पीएम २.५ दाखवतात, धुळीच्या दिवशी त्यापेक्षा पीएम १० कितीतरी पटीने जास्त चढलेलं असतं, म्हणून आत जाऊन पीएम १० शोधा. शिवाय एक्यूआय, म्हणजे हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक, बऱ्याच ठिकाणी ५०० ला अडकतो, त्याच्या वर खरा आकडा हजार आहे की दोन हजार हे त्यात कळत नाही.

मुंबई-पुण्यातल्या लोकांनी हे आपलं नाही म्हणून सोडून देऊ नका. २३ जानेवारी २०२२ ला पाकिस्तानकडून अरबी समुद्र आणि गुजरातवरून आलेली धूळ मुंबईवर उतरली होती, समोरच्या बिल्डिंग दिसेनाशा झाल्या होत्या, गाड्यांवर पांढरट थर बसला होता. एप्रिल २०१५ मध्येही अरबस्तानातल्या मोठ्या वादळाची धूळ पश्चिम किनाऱ्यापर्यंत आलेली. तिकडे केंद्रीय प्रदूषण मंडळाचं समीर ॲप आहे, त्यात तुमच्या जवळच्या केंद्राचा आकडा दिसतो. बाकी खाली लिहिलेलं सगळं तिकडेही जसंच्या तसं लागू.

धुळीचा दिवस

इशारा आला की पहिलं काम खिडक्यांचं. इथल्या फ्लॅटमध्ये ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या असतात आणि धूळ काचेतून येत नाही, ती खालच्या रुळातून आणि दोन काचा जिथे एकमेकींवर येतात त्या उभ्या फटीतून येते. तिथे मुळात केसाळ पट्टी असते, काही वर्षांत ती झिजून जाते. हात लावून बघा, वारा लागला तर हार्डवेअरच्या दुकानातून नवीन पट्टी आणून चिकटवा, आणि त्या दिवसापुरतं मास्किंग टेप मारा आणि रुळात ओल्या फडक्याची गुंडाळी कोंबा. दाराखाली ओला टॉवेल. एवढं केल्यावर सकाळी टेबलावर बोट फिरवलं तरी फरक कळतो.

दुसरं, एक्झॉस्ट बंद. बाथरूमचा आणि किचनचा पंखा आतली हवा बाहेर फेकतो, तेवढीच हवा मग फटींतून आत ओढली जाते, म्हणजे धूळच. पण एक्झॉस्ट बंद असेल तर फोडणी, मिरचीचा ठसका, तळण हेही बंद ठेवायला लागतं. त्या दिवशी साधा वरणभात, कुकरमध्ये होईल ते. उदबत्ती, धूप, कापूर, आणि इथला बखूर (सुगंधी लाकडाची धुरी), काही काही लावायचं नाही. देवासमोर तेलाचा छोटा दिवा पुरे. बाळ असेल तर ओव्याची-बाळंतशेपाची धुरी अजिबात नको, धूर तो धूरच, आणि बंद घरात तर आणखी वाईट.

स्प्लिट एसी असेल तर तो चालू ठेवायला हरकत नाही, तो खोलीतलीच हवा फिरवतो. खिडकीच्या एसीला एक झडप असते बाहेरच्या हवेची, ती बंद करा. सेंट्रल एसी असेल तर बिल्डिंगच्या हारीसला (वॉचमनला) आधीच विचारून ठेवा की फिल्टर कधी बदलले. एअर प्युरिफायर परवडत असेल तर एकच घ्या पण खोलीच्या मापाचा, हेपा फिल्टरवाला (अगदी बारीक कणही अडवणारा), आणि आजारी माणूस झोपतो त्या खोलीत दार बंद करून चालवा, हॉलमध्ये ठेवून सगळ्या घरभर हवा शुद्ध होत नाही. ओझोन सोडणारी मशीनं घेऊ नका, ओझोनने दमा आणखी चिडतो.

घरातल्या लोकांनी त्या दिवशी केरसुणी हातात घ्यायची नाही. झाडलं की बसलेली धूळ परत नाकाच्या उंचीवर येते. ओलं पोछा, ओल्या फडक्याने पुसणं, तेही दम्याच्या माणसाने नाही, दुसऱ्या कुणीतरी. बाहेरून आलेल्याने बूट बाहेर काढायचे, कपडे थेट मशीनमध्ये, आणि केस धुवायचे, कारण केसातली धूळ उशीवर जाते आणि रात्रभर तीच नाकाशी राहते.

मास्क एन९५ किंवा एफएफपी२ लागतो. सर्जिकल मास्कच्या बाजूने हवा आत शिरते, त्याने बारीक धुळीचं फारसं काही होत नाही. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून बसवा, दाढी असेल तर मास्क नीट बसत नाही हेही लक्षात ठेवा. लहान मुलांना मोठ्यांचा मास्क लावून उपयोग नाही, मुलांच्या मापाचा मिळतो तो घ्या, आणि त्यांना मुळात बाहेर काढूच नका. ज्यांची धाप आधीच जास्त आहे त्यांना एन९५ मधून श्वास घ्यायलाच जड जाऊ शकतं, त्यांनी डॉक्टरला विचारून ठेवावं, त्यांच्यासाठी घर हाच मास्क. काहीच नसेल तर ओला रुमाल जाड वाळू तेवढी अडवतो, बारीक नाही, पण नसण्यापेक्षा बरा. गाडीत काच बंद आणि हवा आतल्या आत फिरवायचं बटण दाबलेलं.

बाहेर काम करणाऱ्यांचं वेगळं आहे आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. कुवेतमध्ये १ जून ते ३१ ऑगस्ट सकाळी ११ ते ४, अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी १२:३० ते ३ उन्हातलं काम बंद ठेवायचा नियम आहे, पण तो उन्हासाठी आहे आणि एप्रिलमधली धूळ त्यात येत नाही. साइटवर, डिलिव्हरीवर, ड्रायव्हिंगवर असलेल्या आपल्या माणसांना दमा असेल तर डॉक्टरकडून कामाच्या जागी दाखवायला लेखी चिठ्ठी आधीच घेऊन ठेवा, आणि सुपरवायझरला वादळाच्या दिवशी सांगण्यापेक्षा आधीच सांगा. जेवायच्या सुट्टीत बंद केबिनमध्ये बसा, दर वेळी नवीन मास्क, पंप खिशात. तुमच्या ओळखीत असं कुणी असेल तर त्याला एन९५ चं एक खोकं घेऊन द्या, खरंच.

नाक धुणं चांगलं, जलनेती करणाऱ्यांना माहितीच आहे, पण पाणी उकळून गार केलेलं किंवा डिस्टिल्ड हवं, नळाचं थेट नाही, त्यातला अमीबा नाकातून मेंदूत गेल्याच्या दुर्मिळ पण जीवघेण्या घटना आहेत. नाकात तेल-तूप खोल सोडू नका, म्हाताऱ्यांच्या आणि लहानांच्या बाबतीत ते श्वासासोबत फुफ्फुसात उतरतं. हळदीचं दूध, आल्याचा चहा घ्या की, घशाला बरं वाटतं, फक्त पंपाच्या ऐवजी नको. आणि धाप लागलेल्याला वाफ देऊ नका, अटॅक त्याने जात नाही आणि गरम पाण्याने मुलं भाजतात ते वेगळंच.

अटॅक आला तर

माणसाला सरळ बसवा, आडवं करू नका, गळ्याभोवतीचं सैल करा. निळा पंप स्पेसरमधून चार फवारे, एक-एक करून, प्रत्येक फवाऱ्यानंतर चार श्वास. चार मिनिटं थांबा. फरक नाही पडला तर पुन्हा चार. तरी नाही तर ॲम्ब्युलन्स बोलवा आणि ती येईपर्यंत हेच चालू ठेवा. तुमच्या डॉक्टरांनी कागदावर दुसरं लिहिलं असेल, किंवा तुमचा रिलीव्हर ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलचा असेल, तर तिथे लिहिलंय तसंच करा.

यातलं काही दिसलं तर चार-चार मिनिटं मोजत बसू नका, आधी फोन लावा: एक वाक्य एका दमात बोलता येत नाही, ओठ किंवा नखं निळसर-राखाडी झालीत, फासळ्यांमधली किंवा गळ्याखालची कातडी श्वासागणिक आत ओढली जातेय, माणूस झोपाळल्यासारखा किंवा गोंधळलेला वाटतोय. आणि एक गोष्ट लोकांना चकवते, घरघर ऐकू येत होती ती अचानक थांबली पण माणूस अजून धडपडतोय, तर ते बरं झाल्याचं लक्षण नाही, हवाच आतबाहेर होत नाहीये. कुवेतमध्ये ११२, अमिरातीत ॲम्ब्युलन्सला ९९८, सौदीत ९९७, कतार आणि बहारीनमध्ये ९९९, ओमानमध्ये ९९९९, महाराष्ट्रात १०८. घराचा पत्ता, ब्लॉक, स्ट्रीट, बिल्डिंग नंबर इंग्रजीत आणि अरबीत लिहून दाराजवळ चिकटवून ठेवा, घाबरलेल्या आजीला फोनवर सांगता आलं पाहिजे.

बोटाचा ऑक्सिमीटर असेल तर ९२ च्या खाली गेलं की हॉस्पिटल. सीओपीडीवाल्यांचा नेहमीचाच आकडा कमी असू शकतो, त्यांचा बरं असतानाचा आकडा माहिती करून ठेवा आणि त्याच्याशी तुलना करा. पण आकडा चांगला दिसतोय म्हणून धापा टाकणाऱ्या माणसाला घरी बसवून ठेवू नका.

धूळ बसल्यावर

आभाळ निळं झालं की आपण सगळे खिडक्या उघडतो, गॅलरी झाडायला घेतो, मुलांना खाली पाठवतो. थांबा. बारीक धूळ जाड धुळीनंतरही बराच वेळ हवेत तरंगत राहते, रस्त्यावर-गच्चीवर बसलेली धूळ गाड्यांमुळे आणि वाऱ्याने परत उडते, आणि नळ्यांची सूज तर लगेच उतरतच नाही, दम्याचा त्रास वादळानंतर दोन-तीन दिवसांनी सुद्धा वर येतो. म्हणून पीएम १० चा आकडा खाली आलाय हे बघून मगच खिडकी उघडा, पुढचे तीन-चार दिवस कंट्रोलर पंप एकही वेळ चुकवू नका, पीक फ्लो सकाळ-संध्याकाळ फुंका, आणि फुटबॉल, पार्कमधलं पळणं वगैरे तेवढे दिवस राहू द्या. मूल कुरकुर करेल, करू दे.

साफसफाई ओली. गॅलरी आधी पाण्याने भिजवा मग पुसून काढा, मास्क लावून, आणि दम्याच्या माणसाला त्या वेळी दुसऱ्या खोलीत दार लावून बसवा. एसीची जाळी काढून नळाखाली धरा, सुरुवातीला चहासारखं पाणी निघतं, स्वच्छ येईपर्यंत धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच लावा, ओली लावली तर बुरशी धरते. पडदे, उशांचे अभ्रे, चादरी गरम पाण्यात. प्युरिफायरचा हेपा फिल्टर मात्र धुवायचा नसतो, कंपनीने धुता येतो असं लिहिलं असेल तरच, नाहीतर बदलायचा.

या दिवसांत निळा पंप किती वेळा लागला ते कॅलेंडरवर तारखेसमोर रेघा मारून ठेवा. दर तीन-चार तासांनी लागतोय तर त्याच दिवशी डॉक्टर. रात्री खोकल्याने जाग येतेय, कफाचा रंग बदलून हिरवा-पिवळा झालाय, ताप आहे, सीओपीडीवाल्याचे पाय सुजलेत किंवा नेहमीच्या जिन्याला जास्त थांबावं लागतंय, तरीही जा. घरात उरलेल्या स्टिरॉइडच्या किंवा अँटिबायोटिकच्या गोळ्या मागच्या वेळच्या आहेत म्हणून स्वतःच सुरू करू नका. आणि वादळ जाऊन आठवडा झाला, वर वर सगळं ठीक आहे, पण निळा पंप आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा काढावा लागतोय, तर दमा ताब्यात नाही असं समजा आणि पुढची धूळ यायच्या आत अपॉइंटमेंट घ्या. जाताना पंप, स्पेसर, पीक फ्लोचे आकडे आणि त्या रेघा मारलेलं कॅलेंडर सोबत न्या, आणि डॉक्टरसमोर पंप प्रत्यक्ष मारून दाखवा, त्यांना म्हणावं मी कसा घेतो ते एकदा बघा.